घरगुती विद्युत् व्यत्यय

घरगुती विद्युत् व्यत्यय : घरात वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणांतून अनाहूतपणे बाहेर पडणाऱ्या विद्युत् चुंबकीय ऊर्जेमुळे रेडिओ, दूरचित्रवाणी संच, ध्वनिमुद्रक, विवर्धक इ. साधनांच्या कार्यात जो अडथळा येतो, त्यास ही संज्ञा लावतात. रेडिओतील खरखर व टकटक, ध्वनिवर्धकातील सततची गुणगुण, चित्रपडद्यावरील ठिपके व पट्टे ही त्याची परिचित लक्षणे होत. आकाशात वीज चमकल्याने येणारा व्यत्यय नैसर्गिक असतो व त्याला कोणी उत्तरदायी नसतो. घरगुती व्यत्ययाला मात्र कर्ता असतो आणि तो बहुधा त्याच घरात किंवा भिंतीपलीकडे राहत असतो. त्यामुळे या विषयाचा इतिहास केवळ तंत्रविद्येचा नाही. व्यत्यय दूर करण्याचा खर्च उपकरण वापरणाऱ्याने सोसावा, ऐकणाऱ्याने सोसावा की ते तयार करणाऱ्याने, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न असून त्याची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत बदलत गेली आहेत.

ठिणगीचे दोन अवतार : रेडिओ तरंग प्रथम निर्माण झाले ते ठिणगीतून. हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये जर्मनीतील कार्लझ्रूए येथे दोन धातुगोलांमधील फटीत ठिणगी पाडून विद्युत् चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. जगदीशचंद्र बोस यांची १८९५ मधील कलकत्त्याची प्रात्यक्षिके आणि मार्कोनी यांचे सुरुवातीचे बिनतारी संदेशवहन यांतही ठिणगीचाच उपयोग केलेला होता. ठिणगीपासून निघणारे तरंग एकाच कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या एकाच संख्येचे) नसतात. ते फार रुंद पट्ट्यात पसरतात. मोजकी केंद्रे असेपर्यंत हे चालून गेले; परंतु केंद्रांची संख्या वाढल्यावर एकाचा संदेश दुसऱ्याच्या संदेशावर आदळू लागला. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने ठिणगी प्रेषकांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले.

प्रेषण केंद्रातून ठिणगी अशी हद्दपार होत असतानाच ती घराघरांत शिरत होती. विजेवर चालणारा हूव्हर कंपनीचा व्हॅक्यूम क्लीनर १९०८ मध्ये बाजारात आला होता. त्यापाठोपाठ शिवणयंत्रे, केस वाळविण्याची यंत्रे, मिश्रक अशी लहान मोटरवर चालणारी साधने पाश्चात्त्य घरांत रूढ झाली. नियमित नभोवाणी मात्र अमेरिकेत १९२० मध्ये व ग्रेट ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये सुरू झाली. म्हणजे काही घरांत उपद्रवी उपकरण आधी आले व श्रोता नंतर आला. हा क्रम पुढील वादात महत्त्वाचा ठरला.

निर्मिती व प्रसार : मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, विजेवर चालणारे छिद्रण यंत्र इत्यादींत एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चालणारी युनिव्हर्सल मोटर असते. तिच्या फिरणाऱ्या भागावर तांब्याच्या पट्ट्यांचा बनविलेला दिक्‌परिवर्तक (कॉम्युटेटर) असून त्याला कार्बनचे तुकडे टेकलेले असतात. मोटर फिरताना या पट्ट्यांशी कार्बनचा संपर्क सेकंदाला हजारो वेळा जुळतो व तुटतो आणि प्रत्येक वेळी सूक्ष्म ठिणगी पडते. अशी मोटर म्हणजे एका अर्थी हर्ट्‌झ यांच्या उपकरणाची लहान प्रतिकृतीच होय. कार्बन झिजले किंवा पट्ट्यांवर काजळी साचली म्हणजे ठिणग्या वाढतात व व्यत्ययही वाढतो. छताच्या साध्या पंख्यात आणि प्रशीतकात प्रवर्तन मोटर असते. तीत कार्बन व दिक्‌परिवर्तक नसल्यामुळे ती फिरत असताना रेडिओला विशेष त्रास देत नाही. प्रशीतक, विजेची इस्त्री व पाणी तापविण्याचे साधन यांतील तापनियंत्रकाचा स्विच मात्र उघडताना किंवा मिटताना एक टक असा आवाज उमटवितो.

प्रदीप्त नळी म्हणजे ट्यूबलाइट हा व्यत्ययाचा दुसरा उगम होय. नळीतील वायूमधून होणारे विसर्जन प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रत्येक अर्धआवर्तनात पुन्हा सुरू होते आणि नळी जुनी झाली की ते अस्थिर बनते. तिच्या स्टार्टरच्या लहानशा डबीत काचेच्या फुग्याशेजारी एक बारीक धारित्र (कपॅसिटर) बसविलेले असते. ते असते ते मुख्यत्वे रेडिओचा व्यत्यय कमी करण्यासाठी.

या उगमांपासून ऊर्जा दोन मार्गांनी पसरते. सुमारे ३० मेगॅहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रतांचा व्यत्यय मुख्यत्वे विजेच्या तारांमधून वाहत जातो. त्यामुळे एकाच जोडणीवरील शेजारच्या घरातील संचालाही तो उपद्रव देतो. त्याहून अधिक कंप्रतांना उपकरणाची तारच आकाशकाचे म्हणजे ॲंटेनाचे काम करते व ऊर्जा हवेतून प्रसृत होते.

नभोवाणी आणि श्रोत्याचा हक्क : विद्युत् व्यत्ययासंबंधी कायदा नभोवाणीहून जुना आहे. जर्मन साम्राज्यात १८९२ मध्ये तारायंत्रासंबंधी झालेल्या कायद्यात असे तत्त्व होते की, एका विद्युत् मार्गामुळे दुसऱ्याच्या कामात अडथळा येत असेल, तर जो नंतर आला किंवा ज्याने नंतर बदल केला त्याने आपल्या खर्चाने शक्यतो तो टाळावा. तारायंत्र आधी व विजेच्या वाहिन्या नंतर, अशा परिस्थितीत हे तत्त्व न्याय्य होते. परंतु नभोवाणीला ते तसेच लावले, तर नंतर आलेला श्रोताच दोषी ठरतो. उलट, मोटरवाल्याने गप्प बसावे असे म्हटले, तर कायदेशीरपणे विकत घेतलेली वस्तू वापरण्याचा त्याचा हक्क जातो. आधी कोण व नंतर कोण, या कसोटीने हा तंटा मिटण्यासारखा नव्हता.

त्यातून दुसरा विचार पुढे आला. व्यत्यय पूर्णपणे नाहीसा करणे शक्य नाही. परंतु उपकरणाने किती व्यत्यय बाहेर सोडावा, याची सर्वांना मान्य अशी मर्यादा ठरविता येते. उपकरणे व रेडिओ संच एका देशातून दुसऱ्या देशात विकले जात असल्यामुळे ही मर्यादा आंतरराष्ट्रीय असणे आवश्यक होते. १९३३ मध्ये पॅरिस येथे या विषयावर परिषद झाली आणि १९३४ मध्ये तेथेच रेडिओ व्यत्ययासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय विशेष समितीची पहिली बैठक भरली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ही समिती ‘सिस्पर’ या नावाने ओळखली जाते. विद्युत् उपकरणांची मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाशी (स्थापना १९०६) ती संलग्न आहे.

समितीपुढील पहिली अडचण मापनाची होती. मिनिटातून एकदा येणारी मोठी टक आणि अखंड चालणारी बारीक खरखर यांपैकी त्रासदायक कोणती, हे केवळ विद्युत् दाब मोजून कळत नाही. त्यासाठी ‘अर्धशिखर’ मापनपद्धती विकसित झाली. मध्यम व लघुतरंगांच्या पट्ट्यांतील मापनासाठी या मापकाचा काटा स्पंद येताच सुमारे १ मिलिसेकंदाच्या कालांकाने चढतो आणि १६० मिलिसेकंदांच्या कालांकाने सावकाश उतरतो. म्हणून सारख्याच उंचीचे स्पंद विरळ आले, तर मापक कमी व दाट आले, तर जास्त दाखवितो. माणसाचा कानही साधारणतः असाच वैतागतो. घरगुती उपकरणांच्या मानकात ‘टक’ या कल्पनेची व्याख्याही दिलेली आहे. २०० मिलिसेकंदांहून अधिक न टिकणारा व पुढील अडथळ्यापासून निदान तेवढ्याच अंतराने वेगळा असलेला अडथळा म्हणजे टक होय. मिनिटाला ३० पेक्षा कमी टका होत असतील, तर त्यांच्या विरळपणाच्या प्रमाणात मर्यादेत सवलत मिळते. मनुष्याच्या त्रासाला असे अंकांत बसविणे, हे या समितीच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

मर्यादा किती कडक आहे, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. ०·५ ते ५ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात घरगुती उपकरणाने विजेच्या तारेत परत सोडलेल्या सततच्या व्यत्ययाचा अर्धशिखर दाब सुमारे ०·६३ मिलिव्होल्टहून अधिक असता कामा नये. ज्या तारेत २३० व्होल्ट दाब आहे, तीतच हा साडेतीन लक्षांशाहूनही लहान अंश मोजावयाचा व आवरावयाचा असतो.

व्यत्यय टाळण्याचा वेगळा मार्ग अमेरिकन अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांनी शोधला. तोपर्यंतच्या पद्धतीत वाहक तरंगाची उंची ध्वनीनुसार बदलत असे. ठिणगीचा स्पंदही ही उंचीच बदलत असल्याने दोघांना वेगळे करणे कठीण होते. आर्मस्ट्राँग यांनी उंची स्थिर ठेवून ध्वनीनुसार कंप्रता बदलण्याची पद्धती विकसित केली. उंचीतील चढउतार ग्राहीतच छाटून टाकता येत असल्याने खरखर पुष्कळच कमी झाली. या पद्धतीची एकस्वे त्यांना १९३३ मध्ये मिळाली व १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी तिचे जाहीर प्रात्यक्षिक केले. हीच आजची एफएम नभोवाणी होय.

दूरचित्रवाणी : कानाला जाणवणारा व्यत्यय दूरचित्रवाणीमुळे डोळ्यांनाही दिसू लागला. ग्रेट ब्रिटनमध्ये १९३६ पासून चालू झालेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत चित्राचा उजळ भाग अधिक शक्तीने प्रेषित होत असे. त्यामुळे ठिणगीचा प्रत्येक स्पंद पडद्यावर पांढरा ठिपका होऊन चमके. तिच्यातील ध्वनीही जुन्याच पद्धतीचा असल्याने चित्राबरोबर आवाजही बिघडे. भारतासह अनेक देशांनी स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत याच्या उलट, काळ्या भागाला अधिक शक्ती असते. परिणामी ठिपके बहुधा काळे व कमी खुपणारे असतात आणि ध्वनी एफएम पद्धतीचा असल्याने तो तुलनेने स्वच्छ राहतो. मात्र चित्ररेषांची जुळणी राखणारे स्पंद याच काळ्या बाजूस असल्यामुळे व्यत्यय तीव्र झाल्यास चित्रच फाटल्यासारखे दिसते.

ब्रिटनमधील १९४९ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने व्यत्ययासंबंधी नियम करण्याचा अधिकार पोस्टमास्टर जनरल यांना दिला. उपकरण वापरणाऱ्याला, तसेच त्याच्या उत्पादकाला व विक्रेत्याला नोटीस देण्याची तरतूदही त्यात होती. त्यानुसार १९५२ मध्ये वाहनांच्या प्रज्वलन यंत्रणेसाठी व १९५५ मध्ये विद्युत् मोटरी आणि प्रशीतके यांसाठी नियम झाले. श्रोत्याने तक्रार केल्यास डाक खात्याचे कर्मचारी शोधक यंत्र घेऊन व्यत्ययाचा उगम हुडकून काढीत. येथे भार श्रोत्यावरून निश्चितपणे हलला. कारखान्यात मोटरीबरोबर बसविलेले धारित्र एकाच वेळी शेकडो शेजाऱ्यांचा त्रास वाचविते. श्रोत्याने आपल्या संचावर केलेला उपाय फार तर त्याच्यापुरता असतो. हा हिशोब त्यामागे होता.

भारतातील अनुभव : इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतर अनेक दशके येथील श्रवण मुख्यतः मध्यम व लघुतरंगांवरच अवलंबून होते. एफएम प्रक्षेपण मद्रास येथे १९७७ मध्ये प्रथम सुरू झाले. अर्थात भारतीय श्रोता दीर्घकाळ व्यत्ययाला सर्वाधिक बळी पडणाऱ्या पद्धतीनेच ऐकत होता. घरात विजेची उपकरणे थोडी होती, तोवर हे फारसे जाणवले नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच सुमारास व पुढील दशकात महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या घरांत ट्यूबलाइट, मिक्सर आणि विद्युत् दाब स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर यांचाही प्रसार झाला. चाळीत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत एका घरात चटणी वाटली जात असता शेजारच्या घरातील चित्रावर ठिपक्यांचे दोन आडवे पट्टे उमटत. पट्टे दोनच का, याचे कारण असे की, ५० आवर्तनांच्या प्रवाहात ठिणग्यांचा जोर सेकंदाला १०० वेळा वाढतो, तर पडदा सेकंदाला ५० वेळा आखला जातो. विजेची कंप्रता नेमकी ५० नसल्यास हे पट्टे सावकाश वर किंवा खाली सरकताना दिसत. स्टॅबिलायझर चित्राच्या रक्षणासाठी घेतलेला असे; परंतु विजेचा दाब वारंवार बदलू लागला म्हणजे त्यातील रिलेचे संपर्क उघडून-मिटून तोच टकटक करू लागे.

पंख्याच्या नियामकातील बदल विशेष बोधप्रद आहे. जुन्या नियामकात तारेच्या वेटोळ्यांचा रोध असे. तो तापे व वीज वाया घालवी. पण रेडिओला उपद्रव देत नसे. त्याच्या जागी आलेला ट्रायॅकयुक्त इलेक्ट्रॉनीय नियामक प्रत्येक अर्धआवर्तनाचा काही भाग कापतो आणि सेकंदाला १०० वेळा प्रवाह एकदम चालू करतो. या तीव्र बदलामुळे मध्यम तरंगांवर गुरगुर ऐकू येते. दिव्याचा प्रकाश मंद करण्याच्या नियामकाचेही असेच आहे. विजेची बचत व श्रवणातील शांतता यांत येथे विरोध उत्पन्न झाला. योग्य प्रवर्तक वेटोळे व धारित्र घातल्यास तो पुष्कळसा मिटतो. पण त्याने किंमत वाढते.

निवारण आणि त्याच्या मर्यादा : मिक्सरच्या मोटरीच्या दोन अग्रांमध्ये सु. ०·१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडणे हा सर्वांत सोपा उपाय होय. उच्च कंप्रतेचा प्रवाह त्यातून परत फिरतो व तारेत जात नाही. अधिक परिणामासाठी प्रत्येक तार व उपकरणाचे धातूचे आवरण यांमध्येही धारित्रे जोडावी लागतात. तथापि येथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. ०·००५ मायक्रोफॅराडच्या धारित्रातून २३० व्होल्ट व ५० आवर्तनांना सु. ०·३६ मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो. आवरण भूसंपर्कित असेल, तर तो जमिनीत जातो. नसेल, तर हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. म्हणून हे धारित्र मोठे करता येत नाही. व्यत्ययनिवारण आणि विजेचा धक्का टाळणे यांत अशी मर्यादा सांभाळावी लागते. दोन पिनांच्या प्लगावर उपकरणे चालविण्याच्या सवयीमुळे ही बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे.

श्रोत्याच्या हाती असलेले उपायही आहेत. फेराइट दांड्याचा आकाशक असलेला रेडिओ वळवून ठेवल्यास व्यत्ययाची दिशा टाळता येते. आकाशक गच्चीवर उंच उभारून आवरणयुक्त समाक्ष तारेने संचाशी जोडल्यास केंद्राचा संकेत प्रबळ होतो आणि खालच्या घरांतील व्यत्यय कमी पोहोचतो.

काही वेळा दोष उपकरणाचा नसून ऐकण्याच्या साधनाचाच असतो. ध्वनिमुद्रिका वाजविण्याच्या चुंबकीय सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्टांचा संकेत मिळतो. तिच्याजवळ रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर असल्यास त्याचे चुंबकीय क्षेत्र ५० आवर्तनांची गुणगुण उत्पन्न करते. दूरचित्रवाणी संच, ध्वनिमुद्रक व विवर्धक दोन वेगवेगळ्या ठिकाणी भूसंपर्कित असल्यास तारांचे बंद वेटोळे तयार होऊन तीच गुणगुण येते. विवर्धकाच्या लांब तारांनी पकडलेला रेडिओ संकेत त्यातील ट्रँझिस्टर शोधून काढतो व नको असलेले बोलणे ऐकू येते. अशा वेळी केवळ प्रेषकाला दोष देणे योग्य नसते. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने घरगुती इलेक्ट्रॉनीय साधनांच्या व्यत्यय सोसण्याच्या क्षमतेविषयी नियम करण्याचा अधिकार संघीय संदेशवहन आयोगास देण्यात आला. यूरोपीय समूहाने १९८९ मध्ये काढलेल्या व १ जानेवारी १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या निदेशाने दोन्ही बाजू एकत्र आणल्या. उपकरणाने मर्यादेबाहेर व्यत्यय सोडू नये आणि वाजवी व्यत्यय सोसण्याइतके ते सक्षमही असावे, अशी दुहेरी अट त्याने घातली. उपद्रव देणारा व सोसणारा हा भेद येथे बराचसा पुसला गेला. प्रत्येक उपकरण दोन्हीही असू शकते हे मान्य झाले.

इलेक्ट्रॉनीय उपकरणांचा काळ : १९४७ च्या ॲटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योग, विज्ञान व वैद्यक यांतील उच्च कंप्रता उपकरणांसाठी काही पट्टे राखून ठेवण्यात आले. सूक्ष्मतरंग भट्टी यांपैकी २,४५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास चालते. या पट्ट्यातील संदेशवहनाने भट्ट्यांसारख्या साधनांचा उपद्रव सोसलाच पाहिजे, असा नियम आहे. पुढे वाय-फाय व ब्लूटूथ याच पट्ट्यात आले. त्यामुळे भट्टी चालू असता बिनतारी ध्वनिवर्धक अडखळला किंवा चित्रपट थांबला, तर नियम भट्टीच्या बाजूने असतो. एरवी श्रोत्याला मिळालेले संरक्षण येथे नाही.

घरगुती संगणकांमुळे शेजारच्या दूरचित्रवाणीवर जाळी दिसू लागली, तेव्हा अमेरिकेच्या आयोगाने १९७९ मध्ये अशा उपकरणांसाठी नियम केले व घरात वापरावयाच्या उपकरणांना कार्यालयीन उपकरणांपेक्षा कडक मर्यादा घातली. घराघरांत भिंती लागून असतात व तेथे तज्ञ मनुष्य नसतो, हे त्यामागील कारण होते. रोहित्रांच्या जागी आलेले, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे वीजपुरवठा संच आज मोबाइलच्या चार्जरपासून एलईडी दिव्यापर्यंत सर्वत्र आहेत. त्यांत कार्बन नाही, दृश्य ठिणगी नाही. पण प्रवाहाची तीव्र उघडझाप तशीच आहे. किंमत कमी करण्यासाठी छानकाचे भाग वगळलेले दिवे व चार्जर मध्यम तरंगांवरील, कधीकधी एफएमवरीलही, श्रवण बिघडवितात.

भारतात दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. डिजिटल चित्रात ठिपके दिसत नाहीत. ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष राहते व ती ओलांडली की चौकटी पडून ते गोठते. त्यामुळे व्यत्यय आहे हेच प्रेक्षकाला कळत नाही आणि त्याचा उगम शोधणे अवघड होते. वेल्समधील ॲबरहोसन या खेड्यात सुमारे दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता इंटरनेट सेवा कोलमडत असे. तांब्याच्या तारा बदलूनही उपयोग झाला नाही. अखेर २०२० मध्ये अभियंत्यांनी पहाटे शोधक यंत्र घेऊन फेरी मारली, तेव्हा एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच त्या वेळी सुरू होताच प्रबळ विद्युत् स्पंद सोडतो, असे आढळले. त्याच्या मालकास याची काहीच कल्पना नव्हती. एके काळी मिक्सरपासून ज्याचे रक्षण करावयाचे, तो संचच येथे साऱ्या गावाला उपद्रव देणारा ठरला.

घरगुती व्यत्ययात दुष्ट हेतू क्वचितच असतो. शेजारी एकमेकांना नकळत त्रास देत असतात. म्हणूनच तो तक्रारीने कमी व मानकांच्या पालनाने अधिक आटोक्यात आला आहे. ज्या भागांमुळे तो आवरतो, ते भाग उपकरणाच्या आत दडलेले असतात. खरेदी करणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि ते नसल्याचा त्रास बहुधा दुसऱ्यालाच होतो. त्यामुळे मानक ठरविण्याइतकीच त्याच्या अंमलबजावणीची तपासणीही आवश्यक असते.